वेब सर्व्हरची निगा कोणी राखावी?

यंत्र बसविले म्हणजे काम संपले, अशी पैसे देणाऱ्याची समजूत असते. खरे काम त्याच दिवशी सुरू होते, हे यंत्रावर राबणाऱ्याला ठाऊक असते. आपटा स्थानकातून एकीकडे पनवेलला आणि दुसरीकडे रोह्याला जाणारा लोहमार्गच घ्या. तो टाकून किती वर्षे झाली याचा विचार प्रवासी करीत नाही; परंतु आजची गाडी सुखरूप जाते, ती कीमनने आपल्या हद्दीतले रूळ पायी तपासून सैल झालेल्या चाव्या हातोड्याने पक्क्या केल्या म्हणून. शेजारच्या रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातील कारखान्यांतल्या बॉयलरचीही तीच कथा. १८६३ साली कलकत्त्यास बॉयलर फुटून माणसे मेली, तेव्हा कोठे आपल्या देशात बॉयलरच्या सक्तीच्या तपासणीचा विचार कायद्यात शिरला. पुढे १९२३ च्या कायद्याने, तपासणीचा मुदतबंद दाखला असल्यावाचून बॉयलर चालवू नये, असा दंडक सर्वत्र घातला. २०२५ साली त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, पण दंडक राहिला.

आज गावोगावच्या संस्थांजवळ आणखी एक यंत्र आले आहे. ते वाफेवर चालत नाही, त्याचा आवाज होत नाही, आणि बहुधा ते कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. ग्रामपंचायत, पतपेढी, शाळा, ग्रंथालय, कामगार संघटना यांच्या संकेतस्थळांमागे ते रात्रंदिवस चालू असते. त्याला 'वेब सर्व्हर' म्हणतात. तो कसा तपासावा, त्याची दुरुस्त केलेली आवृत्ती कशी बसवावी आणि हे काम कोणाचे, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दोन तासांत शिकता येतात. तिसऱ्याचे उत्तर न दिल्यामुळेच मोठमोठ्या कंपन्या बुडता बुडता वाचल्या आहेत.

खिडकीमागचा कारकून

वेब सर्व्हर म्हणजे कोणी मोठे कपाट किंवा लोखंडी यंत्र नव्हे. तो एक प्रोग्राम आहे. संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच. त्याचे काम स्थानकावरच्या तिकीट-खिडकीमागे बसलेल्या कारकुनासारखे आहे. बाहेरून चिठ्ठी येते, "अमुक पान द्या". कारकून ती वाचतो, आतल्या दप्तरातून ते पान काढतो आणि खिडकीतून देतो. या कारकुनाच्या दोन खिडक्या ठरलेल्या आहेत. ८० क्रमांकाच्या खिडकीवर उघडा व्यवहार चालतो, तर ४४३ क्रमांकाच्या खिडकीवर मजकूर गुप्त लिपीत बांधून दिला-घेतला जातो. खिडकी सर्व जगाला उघडी असते. चिठ्ठी आणणारा सज्जन की दुर्जन हे कारकुनाला आधी कळत नाही. म्हणून एखाद्या विशिष्ट तऱ्हेने लिहिलेली चिठ्ठी आली असता कारकून गोंधळून आतले संपूर्ण दप्तरच बाहेर देतो, असा दोष त्याच्यात राहून गेला, तर तो दोष साऱ्या जगाला खुला होतो.

हा कारकून ज्या इमारतीत बसतो ती इमारत म्हणजे संगणकाची मूळ प्रणाली. वेब सर्व्हरच्या कामी सर्वांत जास्त पसरलेली प्रणाली 'लिनक्स' होय. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि जगातल्या कोणालाही तो वाचावयास, वापरावयास व सुधारावयास मोकळा ठेवला. वेब सर्व्हरांपैकी 'अपाची' हा १९९५ साली निरनिराळ्या देशांतल्या स्वयंसेवकांनी, एका जुन्या व सोडून दिलेल्या प्रोग्रामला ठिगळे लावीत लावीत तयार केला. दुसरा 'एंजिन-एक्स' हा इगोर सिसोएव या रशियन कारागिराने २००४ साली लोकांपुढे ठेवला. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय भाषांना सोयीची लिनक्स प्रणाली काढली. ती 'डेबियन' या १९९३ साली सुरू झालेल्या लिनक्स-परिवाराच्या पायावर उभी आहे.

संघटनेच्या माणसाला या इतिहासाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी सहकाराने एक साधन निर्माण केले आणि ते सर्वांच्या मालकीचे ठेवले, ही गोष्ट लहान नाही. परंतु याच ठिकाणी एक गैरसमज होतो. साधन विनामूल्य मिळाले म्हणून त्याची निगाही विनामूल्य होते, असे समजले जाते. गावची विहीर सर्वांची असते. म्हणून तिचा गाळ आपोआप निघत नाही.

न्हावा-शेव्यास काय घडले

निगा चुकली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात, न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तेथील 'गेटवे टर्मिनल्स' हा धक्का डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज-कंपनीच्या परिवारातील आहे. २७ जून २०१७ रोजी मर्स्कचे संगणक जगभर एकाएकी बंद पडले आणि त्याबरोबर न्हावा-शेव्याच्या या धक्क्यावरचे कामही ठप्प झाले. क्रेन शाबूत होत्या, जहाजे शाबूत होती, हात शाबूत होते. पण कोणता कंटेनर कोठे आहे आणि तो कोणाला द्यावयाचा, हे सांगणारे दप्तरच नाहीसे झाले. जहाजे अन्य धक्क्यांकडे वळवावी लागली.

हे संकट 'नॉटपेट्या' या नावाने ओळखले जाते. ते आले कोठून? युक्रेन देशात करभरणीसाठी 'एम-ई-डॉक' नावाचा हिशेबाचा प्रोग्राम वापरीत. त्याच्या सुधारित आवृत्त्या ज्या यंत्रावरून वाटल्या जात, त्या यंत्रातच हल्लेखोर शिरले आणि त्यांनी सुधारणेच्या गाठोड्यात विष घालून ठेवले. एकदा आत शिरल्यावर ते विष एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरले. पसरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक वाट म्हणजे विंडोज प्रणालीतील एक दोष होता, आणि त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ आधी, देऊन ठेवलेली होती. दुसरी वाट संगणकाच्या स्मृतीतून चोरलेल्या परवलीच्या शब्दांची होती. त्यामुळे स्वतः दुरुस्त असलेला संगणकही दुरुस्त न केलेल्या शेजाऱ्यामुळे बळी पडला. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनी २०१८ च्या जानेवारीत सांगितले. नुकसानीचा आकडा २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेला.

हे संगणक लिनक्सवर चालणारे नव्हते. तेवढ्यावरून लिनक्सवाल्यांनी मिशा पिळण्याचे कारण नाही, हे पुढे दिसेलच. या घटनेतून दोन धडे निघतात, आणि ते वरवर पाहता परस्परविरुद्ध आहेत. दुरुस्ती आली की लवकर बसवावी, हा पहिला. दुरुस्ती म्हणून जे जे येईल ते डोळे मिटून घेऊ नये, हा दुसरा. वेब सर्व्हर तपासण्याची सारी विद्या या दोन धड्यांचा मेळ घालण्यात आहे.

तपासणीची रीत

आता प्रत्यक्ष काम. खाली ज्या आज्ञा दिल्या आहेत त्या रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात. येथे त्यांचा उच्चार दिला आहे. डेबियन आणि उबुंटू या परिवारांत गाठोडी आणण्या-बसविण्याचे काम करणाऱ्या हत्याराचे नाव 'ॲप्ट' असे आहे. आमच्या गावाच्या नावाशी त्याचा नाद जुळतो, हा निव्वळ योगायोग. पण त्यामुळे आपटेकरांच्या ते लक्षात राहील हा फायदाच. रेड हॅट परिवारात हेच काम 'डीएनएफ' करते. आम्ही पहिल्या परिवाराची उदाहरणे घेतो.

सर्वांआधी, खिडकीवर कोण बसला आहे ते पाहावे. पुष्कळ संस्थांत संकेतस्थळ दुसऱ्याने करून दिलेले असते आणि आत अपाची आहे की एंजिन-एक्स, हे कोणालाच सांगता येत नाही. 'एसएस' ही आज्ञा योग्य त्या खुणांसह दिली असता ८० व ४४३ या दारांवर कोणता प्रोग्राम कान लावून बसला आहे ते कळते. अनोळखी दारावर अनोळखी प्रोग्राम आढळला, तर त्याची चौकशी आधी करावी.

दुसरी पायरी आवृत्ती पाहण्याची. प्रोग्रामच्या नावापुढे आडवी रेघ व 'व्ही' हे अक्षर दिले की तो आपला आकडा सांगतो. येथेच नवशिक्या फसतो. तो आकडा पाहतो, मूळ कर्त्यांनी काढलेल्या सर्वांत नव्या आकड्याशी ताडतो, आणि आपला आकडा जुना म्हणून घाबरतो. किंवा उलट, आकडा नवा म्हणून निर्धास्त होतो. दोन्ही चूक. डेबियनसारखे परिवार स्थिर आवृत्तीचा मुख्य आकडा सहसा बदलीत नाहीत. दोष सापडला तर तेवढीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवितात आणि आकड्याच्या शेवटी एक शेपटी जोडतात.

याचे उत्तम उदाहरण २०१४ सालचे आहे. वेब सर्व्हरची गुप्त लिपी सांभाळणाऱ्या 'ओपन-एसएसएल' या संचात 'हार्टब्लीड' नावाचा दोष ७ एप्रिल रोजी जाहीर झाला. दोष समजावयास सोपा आहे. दोन संगणक एकमेकांना "जिवंत आहेस ना?" असे विचारतात. विचारणारा एक शब्द पाठवितो व त्याची लांबी सांगतो. उत्तर देणाऱ्याने तोच शब्द परत करावयाचा. आता कोणी 'पाणी' हा शब्द पाठवून "याची अक्षरे ६० हजार आहेत, तेवढी परत कर" असे सांगितले तर? शहाणा कारकून आधी मोजून पाहील. येथे मोजण्याची ओळ लिहावयाची राहिली होती. कारकून 'पाणी' परत करी आणि पुढे आपल्या टेबलावर जे जे पडले असेल ते ते, ६४ किलोबाइटपर्यंत, देऊन टाकी. त्यात कोणाचा परवलीचा शब्द असे, कोणाचे पत्र, क्वचित कुलपाची गुप्त किल्लीसुद्धा. मूळ कर्त्यांनी १.०.१-जी या आवृत्तीत दोष दूर केला. परंतु डेबियनच्या त्या वेळच्या स्थिर प्रणालीत दुरुस्ती झाल्यावरही आवृत्ती १.०.१-ई अशीच दिसे. केवळ शेपटीतला आकडा बदलला होता. जो पुढचाच आकडा पाही त्याला दुरुस्त यंत्र सदोष वाटे. म्हणून नियम असा, की आपला पूर्ण आकडा शेपटीसह घ्यावा आणि आपल्याच लिनक्स-परिवाराच्या सुरक्षा-सूचनेशी ताडावा. 'ॲप्ट पॉलिसी' या आज्ञेपुढे गाठोड्याचे नाव दिले की बसविलेला आकडा, उपलब्ध आकडा आणि तो कोणत्या भांडारातून येणार, हे तिन्ही समोर येते.

आकडा नवा म्हणजे माल निर्दोष, हेही खरे नव्हे. अपाचीची २.४.४९ ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये निघाली, आणि तीतच असा दोष शिरला की विशिष्ट मांडणी असल्यास बाहेरच्याला आतल्या फायली वाचता याव्यात. त्याच्या आधीच्या आवृत्तीत तो नव्हता. ४ ऑक्टोबरला २.४.५० आली, ती दुरुस्तीही अपुरी ठरली, ७ ऑक्टोबरला २.४.५१ काढावी लागली. ज्यांनी ४ तारखेला ठिगळ लावून वही मिटली, ते तीनच दिवसांत पुन्हा उघडे पडले. तपासणी हा एका दिवसाचा सण नसून आठवड्याची पाळी आहे, ती यासाठी.

दुरुस्ती बसविताना

दुरुस्ती बसविण्यापूर्वी तीन वस्तूंची प्रत काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवावी: सर्व्हरच्या मांडणीच्या फायली, संकेतस्थळाचा मजकूर आणि माहितीचा साठा. प्रत काढली एवढ्यावर समाधान मानू नये. ती उघडते की नाही हेही पाहावे. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

मग 'ॲप्ट अपडेट' ही आज्ञा द्यावी. नावावरून वाटते तसे ती काहीही बसवीत नाही. भांडारात नवे काय आले आहे, त्याची यादी मात्र ती आणते. प्रत्यक्ष बसविण्याचे काम 'ॲप्ट अपग्रेड' करते. पहिली आज्ञा देऊन "अद्ययावत केले" असा शेरा मारणारे लोक कमी नाहीत. ते दुकानाची यादी घरी आणून किराणा भरला असे म्हणण्यासारखे आहे. दोन आज्ञांच्या मध्ये, काय काय बदलणार आहे ती यादी शांतपणे वाचावी.

यादीवर भांडाराची मोहोर असते. गणिती पद्धतीने केलेली ही सही 'ॲप्ट' स्वतः पडताळून पाहते आणि ती जुळली नाही तर इशारा देते. "सही पटत नाही, तरी पुढे जाऊ का?" अशा प्रश्नाला घाईघाईने होकार देणे म्हणजे एम-ई-डॉकच्या वाटेने जाणे. दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून घेतो, ते देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून. सॉफ्टवेअरच्या बाबतीत देणाऱ्याचे तोंड दिसत नाही; तेथे मोहोरच पाहिली पाहिजे. अर्थात भांडारवाल्याच्याच घरात चोर शिरला, तर खऱ्या मोहोरेखालीही खोटा माल येऊ शकतो. म्हणून भांडारे थोडी ठेवावीत आणि ती नामांकित असावीत. कोणी सांगितले म्हणून नवे भांडार जोडू नये. हाताने बाहेरून आणून बसविलेल्या प्रोग्रामची तर 'ॲप्ट'ला खबरही नसते. त्याची निगा वेगळी राखावी लागते.

बसवून झाल्यावर मांडणी तपासण्याची आज्ञा द्यावी. अपाचीत ती 'कॉन्फिगटेस्ट' आहे. सर्व ठीक असल्यास 'सिंटॅक्स ओके' असे उत्तर येते. त्यानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करावा. येथे 'रीलोड' आणि 'रीस्टार्ट' यांतला भेद कळला पाहिजे. रीलोडने कारकून नवा हुकूम वाचतो, पण खुर्चीवर माणूस जुनाच राहतो. रीस्टार्टने जुना उठतो व नवा बसतो. तबकडीवर नवा संच आला तरी स्मृतीत जुनाच चालू राहतो, ही गोष्ट हार्टब्लीडच्या वेळी अनेकांच्या ध्यानात आली नाही. डेबियनला त्यासाठी पुन्हा एक सूचना काढून सेवा पुन्हा सुरू करण्याची आठवण द्यावी लागली. 'नीड-रीस्टार्ट' नावाचा लहानसा प्रोग्राम कोण कोण जुन्या संचावर चालू आहे ते सांगतो. तो जरूर बसवावा.

शेवटी आवृत्ती पुन्हा पाहावी, संकेतस्थळ बाहेरच्या संगणकावरून उघडून पाहावे, चुकांच्या नोंदवहीतील ताज्या ओळी वाचाव्यात, आणि तारीख, जुना आकडा, नवा आकडा व करणाऱ्याची सही एका साध्या वहीत लिहावी. या वहीला आम्ही फार महत्त्व देतो. बॉयलरच्या दाखल्याचे जे काम, तेच हिचे.

कोणी विचारील, हे सारे यंत्राकडूनच का करवून घेऊ नये? करवून घ्यावे. 'अनअटेंडेड अपग्रेड्स' या सोयीने सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसतात, आणि लहान संस्थेने ती अवश्य चालू ठेवावी. परंतु स्वयंचलित सिग्नल आले म्हणून कीमन घरी बसला नाही. आपोआप चालणारी गोष्ट आपोआप बंदही पडते, आणि बंद पडल्याचे ओरडून सांगत नाही. शिवाय प्रत्येक प्रणालीला आयुष्याची मर्यादा आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती, दीर्घ मुदतीचा आधार धरून, साधारण पाच वर्षे सांभाळली जाते. पुष्कळ सर्व्हर ज्या 'सेंटओएस' प्रणालीवर चालत, तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल असे सांगितले होते. ती ३१ डिसेंबर २०२१ रोजीच बंद केली गेली, आणि सातवी ३० जून २०२४ रोजी संपली. भांडारच बंद झाल्यावर "नवे काही नाही" हे उत्तर प्रकृतीचे लक्षण मानता येत नाही. तेथे घर बदलण्याचीच तयारी करावी लागते.

दोष कोणाचा?

येथवर जे सांगितले ते कोणत्याही होतकरू मुलाला, मुलीला शिकता येईल. आम्ही स्वतः हे कोणत्याही शाळेत शिकलो नाही. मग हे काम होत का नाही?

अमेरिकेतील 'इक्विफॅक्स' ही कंपनी लोकांच्या कर्जफेडीची माहिती बाळगते. वेब सर्व्हरवरचे प्रोग्राम बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'अपाची स्ट्रट्स' या सांगाड्यातील एक गंभीर दोष व त्याची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी सरकारी यंत्रणेने कंपनीला सावध केले. ९ मार्चला कंपनीत हुकूम फिरला की ४८ तासांत दुरुस्ती करावी. १५ मार्चला शोध-तपासणी झाली. तीत सदोष यंत्र सापडलेच नाही. १३ मेपासून जुलैअखेरपर्यंत चोर त्याच दारातून आत-बाहेर करीत होते, आणि १४ कोटींहून अधिक माणसांची माहिती गेली. आतल्या रहदारीवर नजर ठेवणाऱ्या उपकरणाचा दाखलाच १९ महिन्यांपूर्वी संपलेला होता. त्यामुळे पहारेकरी आंधळा होता.

ऑक्टोबर २०१७ मध्ये माजी मुख्याधिकाऱ्यांनी अमेरिकन काँग्रेसपुढे साक्ष दिली, तेव्हा त्यांनी दुरुस्तीची सूचना पुढे न पोहोचविणाऱ्या एका व्यक्तीच्या चुकीकडे बोट दाखविले. कामगार चळवळीतल्या माणसाला हे वाक्य परके नाही. गाडी घसरली की गँगमन, स्फोट झाला की पाळीवरचा ऑपरेटर, हा न्याय आम्ही आयुष्यभर ऐकत आलो. डिसेंबर २०१८ मधील काँग्रेसच्या समितीच्या अहवालाने मात्र वेगळा निष्कर्ष काढला. हा प्रसंग पूर्णपणे टाळता येण्याजोगा होता, आणि जबाबदारीच्या व अधिकाराच्या स्पष्ट रेषाच कंपनीत नव्हत्या, असे तिने नमूद केले. कोणती यंत्रे आपल्याजवळ आहेत याची पुरी यादी नाही, दुरुस्ती झाली की नाही हे दुसऱ्याने पडताळण्याची सोय नाही, आणि सारा भार एका चिठ्ठीवर! अशा व्यवस्थेत ती चिठ्ठी कधी ना कधी हरवणारच होती.

साधने घडविणाऱ्यांचीही स्थिती फारशी निराळी नाही. हार्टब्लीड उघडकीस आला त्या वेळी, जगातल्या असंख्य सर्व्हरांना गुप्त लिपी पुरविणाऱ्या ओपन-एसएसएलसाठी पूर्णवेळ राबणारा माणूस जेमतेम एक होता, आणि वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर. 'एक्स-झेड' या लहानशा संचाची गोष्ट २०२४ सालची. एकट्याने तो सांभाळणाऱ्या, थकलेल्या कर्त्याचा विश्वास एका खोट्या नावाच्या मदतनिसाने दोन वर्षे काम करून मिळविला आणि त्यात चोरदरवाजा बसविला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद उशीर का लागतो, अशी शंका आली. त्याने मागोवा घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते कारस्थान उघडे केले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोहोचण्याआधीच सापडले. जगाचे एवढे मोठे संकट टळले ते आपल्या कामाकडे बारकाईने पाहणाऱ्या एका कामकऱ्यामुळे. आणि ते ओढवले होते दुसऱ्या कामकऱ्यास एकटे सोडल्यामुळे.

संस्थांनी काय करावे

आपल्या लहान संस्थांच्या सर्व्हरात असे काय आहे, की चोराने यावे? पतपेढीत खातेदारांचे आकडे आहेत. शाळेत मुलांचे पत्ते आहेत. कामगार संघटनेत सभासदांची यादी आहे. ज्या कारखान्यात संघटना नुकतीच बांधली जात आहे, तेथे ती यादी मालकाच्या टेबलावर गेली, तर कोणाची पाळी बदलेल आणि कोणाचे कंत्राट संपेल हे सांगावयास नको. जुन्या काळी आमचे कार्यकर्ते सभासदांच्या पावतीपुस्तकाला जिवापलीकडे जपत. तेच पावतीपुस्तक आज सर्व्हरवर आहे आणि त्याची खिडकी साऱ्या जगाकडे उघडते. कायद्यानेही ही जबाबदारी आता ओळखली आहे. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठराविक प्रकारचे हल्ले ध्यानात आल्यापासून ६ तासांत कळवावयाचे असतात आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपावयाच्या असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, माहिती बाळगणाऱ्याने तिच्या रक्षणाची योग्य तजवीज केली पाहिजे, असे तत्त्व घालून दिले.

परंतु कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक सभासदाने आपल्या संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेबाच्या पत्रकाबरोबर चार प्रश्न विचारावेत. आपला सर्व्हर कोणत्या प्रणालीवर चालतो आणि तिची मुदत केव्हा संपते? तो तपासण्याचे काम नावानिशी कोणाकडे आहे, आणि तो रजेवर गेला तर कोण करतो? त्याला त्या कामासाठी आठवड्यातून किती तास आणि किती मोबदला दिला आहे, आणि रात्री दहा मिनिटे संकेतस्थळ बंद ठेवण्याचा अधिकार त्याला आहे की नाही? शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, ती वही दाखवा.

चौथ्या प्रश्नाला वही समोर आली, तर पहिल्या तिघांची उत्तरे बहुधा ठीकच असतात. वही नसेल, तर सर्व्हर सांभाळणाऱ्यावर रागावू नये. त्याला वेळ, जोडीदार आणि अधिकार देण्याचा ठराव त्याच सभेत मांडावा, आणि पुढच्या सभेत वही मागावी.